फॉन्टहिलचा मनोरा आणि दोन दलाल

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस गावाहून आमच्या वडील बंधूंचे पत्र आले. वाडा आता विकावा असे घरातील सर्वांनी मनाशी घेतले आहे, दोन दलाल येऊन पाहून गेले आहेत, त्यांपैकी कोणास काम द्यावे ते कळवावे, असा त्यातील मजकूर होता. नोकरीनिमित्त परप्रांती आयुष्य काढलेल्या मनुष्यास असे पत्र केव्हा ना केव्हा यावयाचेच. बदलीच्या गावी सरकारी बंगले मिळतात आणि सुटतात. त्यांचे सुखदुःख आपण मानीत नाही. परंतु दोन चौकांचा, लांबलचक सोप्याचा, बळद आणि तळघर असलेला जुना वाडा विकावयाचा म्हटले, की मनाची जी अवस्था होते ती वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. भावनेचा भाग सोडला तरी व्यवहाराची अडचण उरतेच. चार खोल्यांच्या घराची किंमत शेजारच्या घरावरून ठरते. ज्याच्यासारखी दुसरी वास्तू पंचक्रोशीत नाही, तिची किंमत कशावरून ठरवावी?

दादांनी दोघांचेही म्हणणे सविस्तर लिहिले होते. एक म्हणतो, पाटी लावू, वर्तमानपत्रात देऊ, येईल त्याला वाडा दाखवू. दहा जण पाहतील तेव्हा अकरावा घेईल. दुसरा म्हणतो, बोभाटा करू नका, माझ्या नजरेसमोर एक गिऱ्हाईक आहे, त्याच्याशी एकांतात बोलू. पत्राच्या शेवटी, सही करून झाल्यावर घातलेली एक ओळ होती : ‘मागील भिंतीविषयी अजून कोणाशी बोललो नाही.’

हे वाचताना आम्हास दोनशे वर्षांमागील एका विलायती घराच्या विक्रीचे स्मरण झाले. त्या विक्रीतही दलाल दोनच होते, त्यांच्या रीतीही नेमक्या याच होत्या, आणि तिच्या मुळाशीही न सांगितलेली एक गोष्ट होती. शिवाय त्या घराचा ग्राहक आपल्या हिंदुस्थानातच धनाढ्य झालेला होता. म्हणून ती हकीकत येथे सांगण्याचे योजिले आहे.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस विल्टशायर परगण्यात फॉन्टहिल नावाची जहागीर होती. तिचा मालक विल्यम बेकफर्ड याचा जन्म १७६० सालचा. त्याचा बाप लंडनचा दोन वेळा लॉर्ड मेयर झालेला; जमेका बेटातील उसाच्या मळ्यांवर त्याने अपार संपत्ती मिळविली होती. ते मळे गुलामांच्या श्रमावर चालत, हे विसरता कामा नये. बाप १७७० साली वारला तेव्हा मुलगा दहा वर्षांचाही नव्हता. संगीत, चित्रे, ग्रंथ, प्रवास यांची त्याला विलक्षण ओढ. ‘वाथेक’ नावाची एक अद्भुत पौर्वात्य कथाही त्याने फ्रेंच भाषेत लिहिली आणि ती प्रथम इंग्रजी भाषांतराच्या रूपाने १७८६ साली प्रसिद्ध झाली. परंतु त्यापूर्वीच, १७८४ साली, त्याच्या खाजगी वर्तनाविषयी मोठा गवगवा झाला आणि प्रतिष्ठित समाजाने त्याला कायमचे दूर लोटले. काही वर्षे परदेशात घालवून तो परतला तो एकांतवासाचा निश्चय करूनच. जहागिरीभोवती त्याने बारा फूट उंचीची, मैलोगणती लांबीची भिंत घातली आणि आत एक घर बांधावयास काढले.

त्या घराचे नाव फॉन्टहिल अ‍ॅबी. अ‍ॅबी म्हणजे मठ. परंतु तेथे साधू कधीच नव्हते. मध्ययुगीन मठाचा आभास निर्माण करणारे ते एका धनिकाचे निवासस्थान होते. जेम्स वायट हा त्या काळचा नामांकित स्थापत्यकार. त्याच्या देखरेखीखाली १७९६ साली कामास आरंभ झाला. आराखडा क्रुसाच्या आकाराचा, मध्यभागी अष्टकोनी दिवाणखाना, आणि त्यावर पावणेतीनशे फुटांच्या घरात जाणारा मनोरा. मालकाला धीर नव्हता. शेकडो मजूर कामावर लावून रात्रीही मशालींच्या उजेडात काम चाले. पाया भरून त्याला बसावयास अवधी द्यावा, मग वर चढावे, हा आपल्याकडील साधा गवंडीही जो नियम पाळील तो येथे पाळला गेला नाही. लाकूड आणि गिलावा यांचा पहिला मनोरा १८०० साली वाऱ्याने कोसळला. बेकफर्डला खंत वाटली ती एवढीच, की तो पडताना आपण पाहावयास नव्हतो, असे सांगतात. त्याने लागलीच दुसरा चढविण्याचा हुकूम दिला. बापाने बांधलेला उत्तम, राहण्याजोगा जुना प्रासाद १८०७ साली पाडून त्याचे सामान विकले, आणि तो नव्या घरात राहावयास गेला.

राहण्याच्या दृष्टीने हे घर कसे होते? दर्शनी दरवाजे तीस फुटांहून उंच. उत्तर-दक्षिण लांबी तीनशे फुटांहून अधिक. आणि शयनगृहे अवघी अठरा, त्यांतही पुष्कळशी लहान, कोंदट आणि गाठावयास अवघड. थंडी घालविण्यासाठी जागोजाग शेकोट्या पेटत ठेवाव्या लागत. लॉर्ड नेल्सनसारखा पाहुणा १८०० च्या नाताळात आला होता. त्यानंतर दारे जवळजवळ मिटलीच. आत अलौकिक चित्रे, ग्रंथ, रत्नखचित पात्रे, आणि एकटा मालक. बाहेरच्या जगाला भिंतीवरून केवळ मनोऱ्याचे टोक दिसे.

पुढे साखरेचे भाव उतरले, काही मळे न्यायालयात हातचे गेले, कारभाऱ्यांनी दूरच्या मालकाला जसे फसवितात तसे फसविले. परगावी राहून आपल्या मालमत्तेची व्यवस्था पत्रांवर सोपविणाऱ्याच्या वाट्याला जे येते तेच बेकफर्डच्या वाट्याला आले. १८२२ साली कर्ज लाख पौंडांच्या पलीकडे गेले आणि फॉन्टहिल विकण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

प्रथम काम देण्यात आले ते जेम्स ख्रिस्टी यांस. बापाने १७६६ साली लंडनमध्ये स्थापिलेली लिलावाची पेढी १८०३ पासून ते चालवीत होते. हे ख्रिस्टी विद्वान गृहस्थ. प्राचीन एट्रस्कन कलशांवर त्यांनी ग्रंथ लिहिलेला होता. त्यांनी रीतसर मार्ग धरिला : सूचीपत्र छापले, लिलावाची तारीख जाहीर केली, आणि १८२२ च्या उन्हाळ्यात वास्तू पाहावयास खुली केली. वीस वर्षांहून अधिक काळ जी भिंत ओलांडणे अशक्य होते ती ओलांडण्याची मुभा मिळताच लोकांची झुंबड उडाली. सूचीपत्राच्या बहात्तर हजार प्रती खपल्या असे त्या काळापासून सांगितले जाते. आसपासच्या गावांतील खानावळी आणि धर्मशाळा भरून गेल्या. गाड्यांना घोडे मिळेनात. हॅझलिटसारख्या टीकाकाराने येऊन त्या वैभवावर कडवट लेख लिहिला. ब्रिटन आणि रटर या दोघांनी १८२३ साली सचित्र वर्णनग्रंथ काढले. एखाद्या घराची याहून मोठी जाहिरात कोणी करू शकला असता असे आम्हास वाटत नाही.

परंतु पाहणारे म्हणजे घेणारे नव्हेत. सप्टेंबरात ठरलेला लिलाव ऑक्टोबरावर गेला. आणि तो तोंडावर आला असता एकाएकी रद्द झाला. घर, जमीन आणि बहुतेक सामान परस्पर विकले गेले होते. किंमत कोणी तीन लक्ष पौंड सांगतात, कोणी तीन लक्ष तीस हजार. हा सौदा जुळविणारा मनुष्य ख्रिस्टी नव्हता. तो होता हॅरी फिलिप्स.

हे फिलिप्स कोण? थोरल्या ख्रिस्टींच्या पेढीवर ते मुख्य कारकून होते. १७९६ साली त्यांनी स्वतःची पेढी घातली. बेकफर्डच्या जुन्या प्रासादातील सामानाचे १८०१ आणि १८०७ चे लिलाव त्यांनीच केलेले होते. म्हणजे मालकाचा स्वभाव, त्याची निकड आणि त्याचा अहंकार या तिन्हींची त्यांना जुनी ओळख होती. ख्रिस्टींना वस्तूचे ज्ञान होते. फिलिप्सना माणसांचे होते. सर्व इंग्लंड फॉन्टहिलच्या दारी जमले असता, त्या गर्दीत नसलेला एक गिऱ्हाईक त्यांनी गाठला.

तो ग्राहक म्हणजे जॉन फार्कर. आणि येथे ही विलायती हकीकत आपल्या ओळखीच्या मुलखात येते. १७५१ साली स्कॉटलंडात जन्मलेला हा मनुष्य कंपनी सरकारच्या चाकरीत उमेदवार म्हणून मुंबईस आला. तेथे खुब्याला जखम होऊन त्याला कायमचे लंगडेपण आले. मग प्रकृतीसाठी तो बंगालकडे गेला आणि व्यापारात पडला. त्याला रसायनाचा नाद होता. कलकत्त्याच्या उत्तरेस, हुगळीकाठी पलता येथे कंपनीचा बंदुकीच्या दारूचा कारखाना होता. दारू नीट होत नव्हती म्हणून फार्करला तेथे धाडले. त्याने ती सुधारली, पुढे कारखान्याची व्यवस्था हाती घेतली, आणि अखेर सरकारचा एकमेव मक्तेदार बनला. कलकत्त्यास नोकरी केलेल्या आमच्या वाचकांना पलता ठाऊक असेल ते पाण्याच्या कारखान्यामुळे, आणि शेजारचे इशापूर रायफलच्या कारखान्यामुळे; त्या टापूचा दारूगोळ्याशी संबंध इतका जुना आहे. बंगालच्या ज्या फौजेसाठी कंपनी ही दारू करवून घेई, तिनेच १८०३ साली दिल्ली आणि लासवारी येथे शिंद्यांच्या कवायती पलटणी मोडल्या, हे मराठी वाचकास वेगळे सांगावयास नको.

सुमारे पाच लक्ष पौंड गाठीस बांधून फार्कर विलायतेस परतला आणि पेढ्यांत व मद्याच्या कारखान्यात भागी घेऊन ते त्याने तिपटीने वाढविले. परंतु राहणी अशी, की धुळीने माखलेल्या फाटक्या कपड्यांत तो आपल्या सावकाराच्या पेढीवर गेला तेव्हा कारकुनांनी त्यास याचक समजून बाहेर बसविले, अशी आख्यायिका आहे. लंडनमधील त्याच्या घरी एक म्हातारी मोलकरीण आणि धुळीचे थर, एवढाच संसार. ब्राह्मणांच्या साध्या आचारविचारांविषयी त्याला मोठा आदर होता, असे त्याचे समकालीन लिहितात. ज्याला दोन खोल्या पुष्कळ झाल्या असत्या त्याने तीनशे फुटांचे घर घ्यावे, हे वरवर पाहता कोडेच आहे. फिलिप्स यांनी हे कोडे कसे सोडविले याची टिपणे आमच्यासमोर नाहीत. आम्ही तर्क करतो तो असा, की त्यांनी फार्करला घर विकलेच नाही. मोडीत काढता येईल असा एक मोठा ठेवा त्यांनी त्याला दाखविला. पुढील वर्षाने या तर्कास पुष्टीच मिळते.

१८२३ च्या सप्टेंबरात फॉन्टहिलमध्ये पुन्हा लिलाव मांडला गेला, या वेळी नव्या मालकाच्या नावाने आणि फिलिप्स यांच्या हातोडीखाली. तो महिन्याहून अधिक काळ चालला. बेकफर्डने निवडक चित्रे व ग्रंथ आधीच काढून घेतले होते. राहिलेल्यांतीलही काही वस्तू त्याने या लिलावात परत विकत घेतल्या. आणि याच वेळी एक दुर्गंध सुटला : फॉन्टहिलच्या नावाखाली, फॉन्टहिलमध्ये कधीही नसलेला माल बाहेरून आणून घुसडला जात आहे, असा आरोप जाणकारांनी उघडपणे केला. कलावस्तूंचे इतिहासकार आजही ‘१८२३ ची फॉन्टहिलची वस्तू’ म्हटले की सावध होतात. जो दलाल गुप्तपणे उत्तम सौदा जुळवितो तोच उद्या गुप्तपणाचा दुसरा उपयोगही करू शकतो, एवढा बोध त्यावरून घेण्यास हरकत नाही.

परंतु खरी गोष्ट पुढेच आहे. विक्रीनंतर काही काळाने मनोऱ्याच्या बांधकामावरील जुना देखरेख्या मृत्युशय्येवर पडला असता त्याने बेकफर्डला बोलावून कबुली दिली, की मनोऱ्याखाली पायाच्या ज्या कमानी करारात लिहिलेल्या होत्या, ज्यांचे पैसेही घेतलेले होते, त्या घातलेल्याच नाहीत. वायट १८१३ सालीच गाडीच्या अपघातात गेलेला होता. त्यास विचारण्याची सोय नव्हती. बेकफर्डने हे फार्करला कळविले. त्यावर आपण जिवंत आहोत तोवर मनोरा उभा राहील, असे फार्कर म्हणाला, अशी कथा आहे.

मनोऱ्याने त्याचे ऐकले नाही. २१ डिसेंबर १८२५ रोजी तो खाली आला आणि मोठा दिवाणखाना व लगतचे भाग घेऊन गेला. सुदैवाने मनुष्यहानी झाली नाही. आता घर राहण्यास फार मोठे उरले नाही, असे म्हणून फार्करने त्यातही समाधान मानले असे सांगतात. सहा महिन्यांनी, ६ जुलै १८२६ रोजी, मृत्युपत्र न करताच तो वारला; ती प्रचंड संपत्ती पुतण्या-भाच्यांत वाटली गेली. बेकफर्डने बाथ शहरानजीक लॅन्सडाउन येथे १८२७ साली दुसरा, लहान मनोरा बांधला. तो मात्र आजही उभा आहे. फॉन्टहिलचा उत्तरेकडील एक तुकडा तेवढा आज शिल्लक आहे.

उसाच्या गुलामांवर मिळविलेला पैसा दगडात गेला, बंगालच्या दारूवर मिळविलेल्या पैशाने तो दगड घेतला, आणि तीन वर्षांत त्याचा ढिगारा झाला. यात दोन दलालांपैकी योग्य कोणता होता? किमतीकडे पाहिले तर फिलिप्स. परंतु आमच्या मते हा निकाल घाईचा आहे. ख्रिस्टींनी हजारो लोकांना आत आणून त्या घराला जो बोलबाला मिळवून दिला, त्यावाचून फार्करकडून तीन लक्ष पौंड निघाले असते काय? उघड मार्गाने किंमत तयार झाली, गुप्त मार्गाने ती वसूल झाली. निराळ्या वास्तूच्या विक्रीस दोन्ही गोष्टी लागतात, आणि त्या एकाच मनुष्यात क्वचितच सापडतात.

अशा वास्तूचा ग्राहक बहुधा तीत राहावयास येणारा नसतो, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. बकिंगहॅमच्या ड्यूकचा स्टो येथील प्रचंड प्रासाद कर्जात बुडाला तेव्हा १८४८ साली तेथील सामानाचा लिलाव ख्रिस्टींच्याच पेढीने चाळीस दिवस केला आणि पंचाहत्तर हजार पौंडांवर रक्कम जमविली. घर मात्र घराण्याकडेच राहिले. ते हातचे गेले १९२१ साली, आणि १९२३ साली तेथे शाळा सुरू झाली. ती अद्याप चालू आहे. ड्यूकला जे घर झेपले नाही ते विद्यार्थ्यांना अगदी बेताचे झाले. वास्तूचा पुढे उपयोग काय, हे ज्याला मालकाआधी दिसते तो दलाल कामाचा. नुसते मोजमाप घेऊन जाणारा नव्हे.

पण या दोन्हींहून मोठी गोष्ट पायाची. फॉन्टहिलमध्ये कमानी नाहीत हे विकणाऱ्याला ठाऊक नव्हते, दलालांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते, घेणाऱ्याने विचारले नाही. बहात्तर हजार सूचीपत्रांत खुर्च्यांची आणि कपबशांची नोंद होती. जोत्याखाली काय आहे याची नव्हती. बेकफर्डच्या बाजूने एवढे तरी म्हणता येते, की कळताच त्याने सांगितले. दादांची आणि आमची स्थिती तशी नाही. आमच्या वाड्याची मागील भिंत ओढ्याच्या बाजूस खचते आहे, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो. दर दोन-तीन वर्षांनी तीत चुना भरावयाचा आणि वरून सारवण करावयाचे, हा वडिलांच्या वेळचा परिपाठ. आम्हास ठाऊक आहे, आणि ठाऊक असून सही करावयाची आहे.

म्हणून आम्ही उत्तर लिहिले ते असे : ‘ती. दादांस साष्टांग नमस्कार. पाटी लावणारा बरा की एकांतात बोलणारा बरा, हे इतक्या दुरून मला सांगता येत नाही, आणि त्याची आज आवश्यकताही नाही. दोघांनाही पुन्हा बोलवावे आणि मागच्या अंगणात नेऊन ती भिंत आधी दाखवावी. ती पाहिल्यानंतर जो किंमत बोलेल त्याच्याशी पुढचे बोलणे करावे. किंमत कमी येईल हे मला मान्य आहे. माझ्या हिश्श्यातून ती वजा धरावी.’

पंधरा दिवसांनी दादांचे पोस्टकार्ड आले. पहिल्या दलालाने भिंत पाहिली, ‘हे आताच बोलावयाचे कारण नव्हते’ असे तो म्हणाला, आणि पुन्हा फिरकला नाही. दुसरा काहीच बोलला नाही. परंतु परवा सकाळी तो एका म्हाताऱ्या गवंड्यास बरोबर घेऊन आला, आणि दोघांनी मिळून भिंतीच्या बुडाशी हातभर खणून पाहिले. कार्डाच्या कडेला, जागा नसतानाही, दादांनी बारीक अक्षरात लिहिले आहे, की आजोबांच्या वेळचा काळ्या दगडाचा पाया तेथे दीड पुरुष खोल असल्याचे गवंडी म्हणतो. खचली आहे ती वरची पांढरी माती.